जर्मन आडनावांचा तक्ता: शब्दकोश बघून अर्थ लावले तर चालतील का?

राजारामपुरी_जर्मन_वर्ग विचारतात:

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत ए-२ पातळीचं जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींसाठी भिंतीवर लावायला आडनावांचा मोठा तक्ता करतोय. यातले बरेच जण नर्सिंगला किंवा आउसबिल्डुंगला (कामावर राहून घ्यायचं धंदेशिक्षण) तिकडे जाणार आहेत. काही जण शिरोलीच्या फाउंड्र्यांत एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघतात, त्यांना रोज ही नावं लिहावी लागतात. डावीकडे जर्मन आडनाव, मधे अर्थ, उजवीकडे जवळचं मराठी आडनाव असे रकाने केलेत. आत्तापर्यंत एवढं भरलंय:

त्सिमरमान – सुतार
श्मिट – लोहार
श्वार्त्स – काळे
फुक्स – कोल्हे
केल्नर – वेटर
कायझर – सम्राट
क्र्युगर – मडकी करणारा, म्हणजे कुंभार
शुल्त्स – कर्जदार (‘शुल्ड’ म्हणजे कर्ज, म्हणून)
मायर – ?
हूबर – ?
फॉन ब्यूलो – ब्यूलोकर

अडलंय कुठे ते सांगतो. श्मिट हे एकच आडनाव शेवटी डीटी, टीटी, नुसता डी आणि टीझेड असं चार तऱ्हांनी दिसतं. ती वेगळी नावं धरायची का? ‘फॉन’ म्हणजे आपलं ‘कर’च का? आणि शब्दकोशातला अर्थ सरळ मधल्या रकान्यात टाकला तर कितपत बरोबर ठरेल? जाणकारांनी खुलासा करावा.

---

मोडी_ते_फ्राक्टुर:

तक्त्याची कल्पना चांगली आहे. पहिल्या चार ओळी तशाच ठेवा. पुढच्या चार मात्र बदलाव्या लागतील, कारण चारही आजच्या शब्दकोशामुळे फसल्यात. जर्मन आडनावं बाराव्या शतकापासून शहरांत रूढ व्हायला लागली, कोलोनसारख्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या शहरांत आधी, खेड्यांत बरीच नंतर. पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक भागांत ती वंशपरंपरेने चालू झाली होती. त्या काळी त्या शब्दाचा त्या गावात जो अर्थ होता तोच आडनावात राहिला. नंतर शब्दाचा अर्थ बदलला म्हणून आडनावाचा बदलत नाही.

केल्नर घ्या. आज हॉटेलात वाढणाऱ्याला केल्नर म्हणतात, पण आडनावातला केल्नर म्हणजे मठाच्या किंवा जमीनदाराच्या तळघराचा, कोठाराचा कारभारी. दारूची पिंपं, धान्य, कुळांकडून आलेला वसूल, सगळ्याचा हिशोब त्याच्याकडे. मान मोठा होता. उजव्या रकान्यात ‘कोठावळे’ लिहा, चपखल बसेल.

शुल्त्स हा कर्जदार नव्हे, उलट देणं भरायला लावणारा. मूळ शब्द शुल्टहाइस, ‘देणं चुकतं करा’ असं फर्मावणारा. सारा गोळा करायचा, गावच्या न्यायाला बसायचं, वरच्या सत्तेला जबाबदार राहायचं, हे त्याचं काम. जवळचं मराठी आडनाव पाटील, दुसरं सुचत नाही. याचीच रूपं म्हणजे शुल्त्से, सायलेशियाकडचं शोल्त्स, वेस्टफालियातलं शुल्टे. लॅटिनची हौस असलेल्या विद्वानांनी याचं प्रेटोरियुस केलं.

मायर लॅटिन ‘मायोर’वरून आला, म्हणजे मोठा, वरचा. जमीनदाराच्या वाड्याची शेती बघणारा, कुळांवर देखरेख करणारा तो मायर. पुढे वायव्य जर्मनीत हा शब्द मोठं शेत खंडाने कसणाऱ्या कुळालाही वापरू लागले. म्हणून लोअर सॅक्सनीतला मायर आणि बव्हेरियातला मायर यांच्या नावामागचा माणूस एकाच प्रतीचा असेलच असं नाही. स्पेलिंग ईआय, ईवाय, एआय, एवाय चारही चालतात. एआय-एवाय दिसलं की साधारण दक्षिण समजा, आणि शेवटचा ई गळून नुसतं वायआर उरलं असेल तर बव्हेरिया-ऑस्ट्रिया जवळपास नक्की.

हूबर म्हणजे एक ‘हूबे’ जमीन असलेला. एका शेतकरी कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन म्हणजे हूबे, प्रदेशागणिक तिचं माप वेगळं. उत्तरेत त्यालाच हूफे म्हणतात, म्हणून तिकडे हूफनर आणि दक्षिणेत हूबर.

कायझर, क्योनिग (राजा), बिशोफ (बिशप), हेर्त्सोग (सरदार) यांचे पूर्वज गादीवर बसलेले नव्हते. कोणी त्या राजाच्या किंवा बिशपच्या जमिनीवर राबणारा, कोणी उत्सवातल्या नाटकात राजा होणारा, कोणी तिरंदाज मंडळाच्या स्पर्धेत त्या वर्षीचा ‘राजा’ ठरलेला, तर कोणाची ऐट बघून गावानेच ठेवलेलं नाव. मधल्या रकान्यात ‘टोपणनाव’ एवढंच लिहा.

क्र्युगरचा अर्थ प्रदेशावर ठरतो. उत्तरेत ‘क्रूग’ म्हणजे गावची खानावळ-दारूचं दुकान, तेव्हा तिकडचा क्र्युगर हा खानावळवाला. दक्षिणेत क्रूग म्हणजे सुरई, तिथला क्र्युगर सुरया करणारा किंवा विकणारा. हे आडनाव उत्तरेत आणि ईशान्येत जास्त, म्हणून तक्त्यात आधी खानावळवाला लिहा.

यावरून पद्धत अशी ठरवा: आधी आडनाव आज सगळ्यात दाट कुठे आहे ते पाहायचं, मग त्या भागातल्या मध्ययुगीन बोलीत शब्दाचा अर्थ काय होता ते, आणि आजचा शब्दकोश सगळ्यात शेवटी. माइन्झच्या विज्ञान अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश नेटवर फुकट उघडतो. बऱ्याच नोंदींना प्रसाराचा नकाशाही आहे. हे नकाशे २००५ च्या टेलिफोन जोडण्यांवरून काढलेत. शहरांत कामधंद्याला आलेल्यांमुळे ठिपके पसरलेले दिसतात, म्हणून एकट्या बर्लिन किंवा म्युनिककडे बघून निष्कर्ष काढू नका. ग्रामीण जिल्ह्यांत गर्दी कुठे आहे ते बघा.

---

चप्पल_लाइन:

वरच्या उत्तराला जोडून धंद्याच्या नावांचं सांगतो, कारण सगळ्यात गंमत तिथेच आहे. आपल्याकडे सुतार म्हटलं की कागलपासून खानदेशापर्यंत सुतारच. जर्मनीत एकाच धंद्याला चार-पाच प्रांतांत चार-पाच शब्द होते आणि सगळेच आडनावं झाले. म्हणून तक्त्यात ‘एक धंदा, एक आडनाव’ असा रकाना करू नका, एका धंद्यासमोर तीन-चार नावं आणि प्रांत लिहा.

कोल्हापूरच्या पोरांना चामड्यापासून सुरुवात करून द्या. चपला-जोडे शिवणाऱ्याची आडनावं शूस्टर, शूमाखर, शूमान आणि शूबर्ट. शूमाखर सरळ आहे, जोडे करणारा. शूस्टरमधे ‘शूख’ म्हणजे जोडा आणि लॅटिन ‘सुटोर’ म्हणजे शिवणारा असे दोन शब्द एकजीव झालेत. शूबर्टमधे ‘बर्ट’ दिसतं म्हणून आल्बर्ट, रॉबर्टसारखं नाव वाटतं, पण मूळ रूप आहे ‘शूखव्युर्ख्टे’, म्हणजे जोड्याचं काम करणारा. घासून घासून त्याचं शूबर्ट झालं. सॅक्सनी आणि सायलेशियात हे जास्त. संगीतकार शूबर्टचं आडनाव तेच.

आता कातडं कमावणारे. साधा शब्द गेर्बर. पण त्यातही ओकच्या सालीत कातडं मुरवणारा वेगळा आणि तुरटीने पांढरं कमावणारा वेगळा. साल म्हणजे ‘लो’, त्यावरून ल्योबर आणि लाउअर ही आडनावं झाली. तुरटीवाला तो वाइसगेर्बर. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरतं, म्हणजे कामाच्या पद्धतीने आपला कारागीर ल्योबरच्या ओळीत बसतो, वाइसगेर्बरच्या नाही. तक्त्यात हे आवर्जून घाला, पोरांच्या लगेच डोक्यात बसेल.

बाकीचे पटापट:
पाव भाजणारा: मध्य आणि उत्तरेत बेकर, नैर्ऋत्येत बेक, स्वित्झर्लंडच्या बाजूला प्फिस्टर (लॅटिन ‘पिस्टोर’वरून).
गाडी-चाकं करणारा: दक्षिणेत वाग्नर, उत्तरेत राडेमाखर, ईशान्येत श्टेलमाखर.
लाकडी पिंपं बांधणारा: ब्योटखर, फ्रँकोनियात ब्युटनर, ऱ्हाइनकाठी फासबेंडर, बव्हेरियात शेफलर, ऑस्ट्रियात बिंडर.
खाटीक: नैर्ऋत्येत मेट्सगर, पूर्वेकडे फ्लायशर, थुरिंगियाकडे फ्लायशहाउअर.
विणकर: वेबर. इचलकरंजीच्या पोरांना हे सांगायलाच नको.

श्र्योडर तुमच्या यादीत नाही, पण घ्या, कारण लई सापडतं. उत्तरेत त्याचा एक अर्थ शिंपी, म्हणजे श्नायडरचाच भाऊ. दुसरा अर्थ बिअर-वाइनची पिंपं तळघरात उतरवणारा. दोन्ही धंदे खरे होते आणि नुसतं नाव बघून कुठला ते ठरत नाही. दोन्ही लिहा.

उत्तर-दक्षिण ओळखायची एक पक्की खूण व्यंजनांत आहे. दक्षिण आणि मध्य जर्मनीत जुना ‘प’ हा ‘प्फ’ किंवा ‘फ’ झाला, ‘ट’ हा ‘त्स’ किंवा ‘स’ झाला, ‘क’ हा ‘ख’ झाला. उत्तरेच्या सखल भागात हा बदल झालाच नाही. म्हणून जोड्या अशा पडतात: पीपर आणि प्फायफर (बासरीवाला), शापर आणि शेफर (मेंढपाळ), टिमरमान आणि त्सिमरमान, विटे आणि वाइस (पांढरा), ग्रोटे आणि ग्रोस (मोठा), कॉक आणि कॉख (स्वयंपाकी). पहिलं उत्तरेचं, दुसरं दक्षिणेचं. म्योलर आणि म्युलर दोघेही पिठाच्या गिरणीवालेच, म्योलर उत्तरेचा. ‘क’-‘ख’ची सीमारेषा आज ड्युसेलडोर्फ शहरात मोडणाऱ्या बेनराथवरून जाते, म्हणून तिला बेनराथ रेषाच म्हणतात.

शेवटच्या अक्षरांवरूनही प्रांत कळतो. ‘ले’ आला (हेबर्ले, एबर्ले) की नैर्ऋत्येतलं श्वाबेन, ‘ली’ आला की स्वित्झर्लंड, ‘सेन’ आला (पेटरसेन, हान्सेन) की डेन्मार्कला लागून असलेला उत्तर भाग.

---

राजारामपुरी_जर्मन_वर्ग:

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे तक्ता नव्याने आखावा लागणार, प्रांताचा रकाना वाढवतो. श्मिटच्या स्पेलिंगचं आणि ‘फॉन’चं राहिलं. आणखी एक. वर्गात एकाने विचारलं, की आडनावात ‘गोल्ड’ किंवा ‘रोझन’ असेल तर तो ज्यूच का?

---

लिखापढी_शाहूपुरी:

श्मिट: डीटी, टीटी, नुसता डी ही एकाच शब्दाची रूपं, लोहार. नुसता डी दक्षिणेत, श्वाबेन-बव्हेरिया-स्वित्झर्लंडकडे जास्त. टीझेडवालं श्मिट्स ऱ्हाइनलंडचं, कोलोनच्या आसपास, ‘श्मिटचा’ म्हणजे लोहाराचा मुलगा अशा षष्ठीतून आलेलं. अर्थाच्या रकान्यात एकत्र लिहा. कागदोपत्री मात्र ही चार सुटी आडनावं आहेत. जुन्या काळी पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचा, एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एका तऱ्हेने आणि लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने सापडतं. प्रशियात १८७४ ला आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सरकारी नोंदणी कचेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा जे स्पेलिंग वहीत पडलं ते कायम झालं. म्हणून ऑफर लेटर, व्हिसाचा अर्ज, बिल, कुठेही समोरच्याने स्वतः लिहिलंय तसंच अक्षरन् अक्षर उतरवायचं.

आता दोन टिंबांचं, कारण एक्स्पोर्टवाले नेमके इथे घोळ करतात. यू-ओ-ए वर दोन टिंबं असतील आणि कीबोर्डवर ती नसतील तर पुढे ई जोडायचा, नुसती टिंबं गाळायची नाहीत. म्युलर यू-ई ने लिहा. जर्मन पासपोर्टच्या खालच्या मशीनने वाचायच्या ओळीतही तसंच असतं. टिंबं गाळून नुसता यू लिहिलात तर ते वेगळंच आडनाव होतं. ब्यूलर हे नाव आपल्याकडे माहितीचं आहे, १८६३ पासून मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारे गेओर्ग ब्यूलर. जुन्या इंग्रजी कागदांत टिंबं गाळलेली असतात म्हणून आपण सर्रास ‘बुल्हर’ वाचतो. ‘ब्यूल’ म्हणजे टेकडी, टेकडीवर राहणारा तो ब्यूलर. उजव्या रकान्यात टेकाडे चालेल.

उलटं मात्र कधी करू नका. एक्सेलमधे ‘यू-ई’ शोधून सगळीकडे टिंबांचा यू बदलून टाकला, तर बाउअर (शेतकरी) हे नाव मोडतं, कारण त्यातला ए-यू आणि ई-आर असा जोड वेगळा आहे. कवी ग्योटेचं (गटे) नाव ओ-ई नेच लिहितात, टिंबांनी नाही. यादी अक्षरानुक्रमे लावताना नावांसाठीचा जर्मन नियम असा, की टिंबांचा यू हा यू-ई समजून लावायचा. हा नियम डीआयएन ५००७ या जर्मन मानकात दिलाय. तसं केलं नाही तर एकच ग्राहक यादीत दोनदा येतो आणि दोन बिलं निघतात.

वाइस, ग्रोस यांच्या शेवटी बीटासारखं दिसणारं अक्षर असतं, ते नसेल तर दोन एस. स्वित्झर्लंडमधे ते अक्षर वापरतच नाहीत. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेने आडनावं बदलली नाहीत, तेव्हा नवे नियम लावून कोणाचं आडनाव ‘शुद्ध’ करायचं नाही.

देवनागरीत लिहिताना: ईआय म्हणजे आय (मायर, श्नायडर), आयई म्हणजे दीर्घ ई (फीडलर), ईयू म्हणजे ऑय (नॉयमान), झेड म्हणजे त्स, सुरुवातीचा व्ही म्हणजे फ. म्हणून फोगल, फोग्ट. ‘ओडब्ल्यू’ने संपणाऱ्या नावात डब्ल्यू मुका, ब्यूलो.

‘फॉन’: अर्थाने आपल्या ‘कर’च्या जवळ आहे, पण तक्त्यात सरसकट तसं लिहू नका. जर्मन ‘कर’ बहुतेक वेळा ‘अर’ने होतो: न्युर्नबेर्गर, विनर, ओपनहाइमर. आपलं पन्हाळकर, गडहिंग्लजकर तसंच. ‘फॉन’ पुढे बहुतांशी सरदार घराण्यांची खूण झाला. स्वित्झर्लंडमधे मात्र साध्या शेतकऱ्याच्या नावातही तो असतो. डच-फ्लेमिश ‘फान’ला तर सरदारकीचा वासही नाही. संगीतकार बेटहोफेनचा (बीथोवनचा) खटला आठवा. १८१८ ला व्हिएन्नात त्याने भावाच्या मुलाच्या ताब्यासाठी सरदारांच्या कोर्टात दावा चालवला होता. त्याच्या नावातला ‘फान’ हा सरदारकीचा पुरावा नाही हे तिथे उघड झालं आणि खटला साध्या लोकांच्या कोर्टात गेला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने जर्मनीत सरदारकीचे हक्क संपवले, ‘फॉन’ नुसता आडनावाचा तुकडा म्हणून राहिला. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी तो नावातून काढायलाच लावला. यादीत फॉन ब्यूलो हे ‘बी’खाली लावतात, ‘व्ही’खाली नाही.

---

मोडी_ते_फ्राक्टुर:

गोल्ड आणि रोझनच्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही’ असं वर्गात सांगा, आणि कारणासकट सांगा.

बऱ्याच ज्यू कुटुंबांना कायम आडनावं घ्यायला सरकारने लावली: हाब्सबुर्ग राज्यात सम्राट योजेफ दुसरा याच्या १७८७ च्या हुकुमाने, नेपोलियनच्या ताब्यातल्या भागांत १८०८ ला, प्रशियात १८१२ ला. तेव्हा गोल्डबेर्ग, रोझनथाल, ब्लूमनफेल्ड अशी नावं पुष्कळांनी घेतली किंवा त्यांना दिली गेली, हे खरं. पण रोझनबेर्ग, गोल्डबेर्ग नावाची गावं आहेत आणि तिथून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचीही तीच आडनावं आहेत. नाझी पक्षाचा विचारवंत म्हणून न्युर्नबेर्गला फाशी गेलेला आल्फ्रेड रोझनबेर्ग ज्यू नव्हता. उलट असंख्य ज्यू कुटुंबं मायर, क्लाइन, श्वार्त्स अशीच होती. आडनावावरून धर्म ओळखता येत नाही हे नाझी सरकारलाही कळून चुकलं होतं. म्हणून ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने त्यांनी ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ हे नाव जोडायला लावलं, १ जानेवारी १९३९ पासून. सरकारने ठरवून दिलेल्या यादीतलं नाव आधीच असेल त्यांनाच सूट होती. तिकडे कामाला जाणाऱ्या मुलांनी कोणाच्या आडनावावरून त्याच्या धर्माचा अंदाज बोलून दाखवू नये. तिथे ते फार लागतं, आणि लागायलाच हवं.

घरांवरून पडलेल्या नावांचा प्रकार तक्त्यात नाही, तो घाला. रस्त्यांतल्या घरांना नंबर नसत, चिन्हं असत. फ्रांकफुर्टच्या ज्यू गल्लीतलं ‘लाल ढालीचं घर’, त्यावरून रोटशिल्ड, म्हणजे आपण रॉथचाइल्ड म्हणतो ते. कुटुंब पुढे दुसऱ्या घरात गेलं तरी आडनाव तेच राहिलं. छपाईवाला गुटेनबेर्ग हाही घरावरूनच. वडिलांकडचं नाव गेन्सफ्लाइश, पण माइन्झमधलं घर ‘गुटेनबेर्ग’, आणि जगाने तेच लक्षात ठेवलं.

परगावाहून कोणी गावात नवीन आला की तो नॉयमान, नवा माणूस. उत्तरेत नीमान, सॅक्सनीत नाउमान. पोलिश-चेक बाजूला याच अर्थाचं नोवाक, आणि रुहरच्या कोळसा खाणींत पोलिश मजूर गेले म्हणून ते पश्चिमेतही सापडतं. एका नॉयमान कुटुंबाने ग्रीक वळणाने नेआंडर असं नाव घेतलं. त्यांच्यातल्या योआखिम नेआंडर या पाद्र्याच्या नावावरून ड्युसेलडोर्फजवळच्या एका दरीला नाव पडलं, आणि १८५६ ला त्या दरीत सापडलेल्या हाडांवरून निअँडरथल मानव.

---

वंशावळ_करवीर:

बापाच्या नावावरून आलेल्या आडनावांबद्दल थोडं, कारण इथे आपल्याशी खरी तुलना होते. वायव्य किनाऱ्यावरच्या पूर्व फ्रिसियात बापाचं नाव मुलाचं आडनाव व्हायचं: यानचा मुलगा पेटर यान्सन, त्याचा मुलगा पेटर्स. दर पिढीला आडनाव वेगळं, आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसं. नेपोलियनच्या १८११ च्या हुकुमाने ते गोठवलं, तरी काही वर्षं लोक जुन्याच रीतीने लिहीत राहिले. डेन्मार्कलगतच्या श्लेस्विगमधे डॅनिश राजाने १७७१ लाच असा हुकूम काढला होता. तोंडातोंडी लहान झालेली बापाची नावंही आडनावं झाली: डीट्रिखचं डीट्स, कोनराडचं कुन्त्स, हाइनरिखचं हिन्त्स, मार्कुसचं मार्क्स.

वेस्टफालियात एक वेगळीच रीत होती, तिची खबरदारी घ्या. आडनाव शेताचं असे, माणसाचं नव्हे. शेताच्या वारसदार मुलीशी लग्न करून जो घरजावई म्हणून आला, तो शेताचं नाव लावू लागे, आणि कागदात ‘मूळचा अमुक, गेनान्ट तमुक’ असं लिहीत. गेनान्ट म्हणजे ‘म्हणवला जाणारा’. सख्ख्या भावांची आडनावं त्यामुळे वेगळी होतात, आणि एकाच आडनावाच्या दोन घराण्यांत रक्ताचं नातं नसतं. तसंही म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव, कारण गावोगावी एक गिरणी होती. दोन म्युलर म्हणजे भाऊबंद असं धरू नका. धंद्याच्या आडनावाला आपल्याकडच्यासारखी जातही चिकटलेली नव्हती. श्नायडर आडनावाच्या मुलाने म्युलर आडनावाच्या मुलीशी लग्न केलं तर निव्वळ आडनावामुळे कोणी भुवई उंचावत नसे. म्हणून तक्त्याच्या उजव्या रकान्यावर ‘समान अर्थाचं आडनाव’ असंच शीर्षक द्या, ‘समान समाज’ असा समज व्हायला नको.

कोणी जुनी दप्तरं बघणार असेल तर दोन गोष्टी. बायकांच्या आडनावाला अठराव्या शतकापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, ‘इन’ लावत. वहीत म्युलरिन दिसलं तर आडनाव म्युलरच, ‘इन’ काढून शोधा. दुसरं, जुन्या कुरेंट हस्ताक्षरात ‘ई’ हा बरोबर ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’च्या डोक्यावर एक वाकडी रेघ असते. ती रेघ म्हणजे टिंबं समजून पुष्कळ जण बाउअरचं भलतंच काही वाचतात. आधी त्याच पानावर ‘उंड’ (आणि) हा शब्द शोधा, तो हमखास असतो. त्यातला यू आणि एन कसा काढलाय ते बघून मग आडनाव लावा.